न्यूमोनिया हटत नाही, तेव्हा धूळ आठवा

ताप आला, खोकला आला, अंग मोडून आले, की हल्ली आपल्या वस्त्यांतून एकच शब्द कानावर पडतो : ‘व्हायरल’. शेजारीण विचारते, “काय झालं गं यांना?” आणि उत्तर मिळते, “काही नाही, व्हायरल आहे म्हणतात.” पुष्कळदा ते खरेही असते. विषाणूंचा ताप चार-आठ दिवसांत उतरतो, खोकला थोडे दिवस रेंगाळतो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. तेव्हा हा शब्दच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा शब्द एकदा उच्चारला की पुढची विचारपूस बंद पडते. दवाखान्यातही बंद पडते आणि घरातही. दोन आठवडे होतात, तीन होतात, गोळ्या बदलतात, माणूस वाळत जातो, आणि तरीही घरातले म्हणत राहतात, “व्हायरल आहे, वेळ लागेल.”

आज आम्ही अशा एका आजाराविषयी लिहीत आहोत, जो व्हायरल न्यूमोनियाचे सोंग घेऊन येतो आणि असतो मात्र बुरशीचा. तो क्वचित आढळतो, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कोणाच्या मनात भीती घालायची नाही. परंतु ज्याच्या घरात तो येतो, त्याच्या दृष्टीने तो क्वचित राहत नाही. आणि तो ओळखायचा तर डॉक्टरांच्या यंत्रांइतकीच एका साध्या प्रश्नाची गरज असते : “तुम्ही काम काय करता, आणि कुठे करता?”

बुरशी फुप्फुसात कशी जाते?

बुरशी आपल्याला परकी नाही. शिळ्या भाकरीवर, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर, ओल आलेल्या भिंतीवर जो पांढरा-हिरवा-काळा थर येतो, तीच बुरशी. ती विषाणू नव्हे आणि जिवाणूही नव्हे. सजीवांचा तो एक वेगळाच वर्ग आहे. म्हणून जिवाणू मारणारी अँटिबायोटिक गोळी तिच्यावर चालत नाही. तिला तिचीच औषधे लागतात.

बुरशीचे बी, म्हणजे बीजाणू, इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेत असतात, मातीत असतात, कुजलेल्या पाल्यात आणि लाकडात असतात. आपण सगळेच रोज थोडेफार बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मग आजार होतो कधी? एक तर शरीराची ताकद आधीच खचलेली असते तेव्हा. मधुमेह ताब्यात नसणे, एचआयव्हीची बाधा, कॅन्सरची औषधे, किंवा बरेच दिवस चाललेले स्टिरॉइड ही त्याची मुख्य कारणे. दुसरे असे, की जगाच्या काही भागांतील मातीत अशा बुरशी राहतात, ज्या धडधाकट माणसालाही आजारी पाडतात. आधी त्या दुसऱ्या प्रकाराची हकीकत सांगतो. ती परदेशातील आहे. पण तीत जी माणसे आहेत ती शेतात राबणारी, रस्ते खणणारी आणि कारखान्यात पाळी करणारी आहेत. म्हणून ती आपल्या वाचकांना दूरची वाटणार नाही.

खोऱ्यातील ताप

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन वाकीन नावाचे मोठे खोरे आहे. द्राक्षे, कापूस, बदाम, भाजीपाला असे तेथे अमाप पिकते. जमीन कोरडी आणि उन्हाळा कडक. या खोऱ्यात काम करणाऱ्या मजुरांना एक विचित्र ताप येई. खोकला, छातीत दुखणे, सांधे धरणे, पायांवर लाल गाठी, आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा. लोक त्याला आपल्या भाषेत ‘व्हॅली फीवर’, म्हणजे खोऱ्यातील ताप म्हणत.

हा आजार कशाने होतो हे कळायला जवळजवळ अर्धे शतक लागले. १८९२ साली दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरेस येथे आलेहांद्रो पोसादास या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने एका सैनिकाच्या त्वचेवरील गाठींत एक अनोळखी जंतू पाहिला. पुढे कॅलिफोर्नियातही असे रुग्ण सापडले. तो जंतू म्हणजे अमिबासारखा एकपेशीय प्राणी असावा, अशी सुरुवातीच्या संशोधकांची समजूत होती. ती बुरशी आहे, हे १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत सिद्ध झाले. तरीही कितीतरी वर्षे डॉक्टर असेच मानत, की ही बुरशी झाली म्हणजे माणूस जगत नाही. कारण त्यांच्यापुढे येत ते अगदी शेवटच्या अवस्थेतील रुग्ण.

इकडे खोऱ्यातील शेकडो मजूर तापाने पडत होते आणि उठून पुन्हा शेतात जात होते. तो हलका ताप आणि ती जीवघेणी बुरशी या एकाच आजाराच्या दोन बाजू आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. १९३० नंतरच्या दशकात केर्न परगण्याच्या आरोग्य खात्यातील डॉ. मर्नी गिफर्ड या महिला डॉक्टरांनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. अर्नेस्ट डिक्सन यांनी हे नाते जोडून दाखविले. खोऱ्यातील ताप म्हणजे त्याच बुरशीची फुप्फुसातील पहिली पायरी, असे त्यांनी १९३८ साली मांडले. लोक ज्याला साधा ताप म्हणत होते, तो नीट विचारपूस केल्यावर एका ठरावीक मातीचा आजार निघाला.

ही बुरशी त्या भागाच्या मातीत राहते. तिचे शास्त्रीय नाव कॉक्सिडिऑइडिस. जमीन नांगरली, खणली, वादळ आले, की धुळीबरोबर तिचे बीजाणू उडतात. श्वासातून आत गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी लक्षणे दिसतात. सुमारे ६० टक्के लोकांना काहीच होत नाही. उरलेल्यांना फ्लूसारखा किंवा न्यूमोनियासारखा आजार होतो आणि त्यांतील बहुतेक बरे होतात. पाच ते दहा टक्के लोकांच्या फुप्फुसाचे दुखणे मात्र लांबते, आणि शंभरात एखाद्याच्या शरीरात ती बुरशी हाडांपर्यंत, त्वचेपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत पसरते. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना धोका जास्त.

आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे मोठा भूकंप झाला. डोंगरांच्या कडा कोसळल्या आणि धुळीचे लोट उठले. पुढच्या काही आठवड्यांत शेजारच्या व्हेंच्युरा परगण्यात या बुरशीचे २०३ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी तिघे दगावले. घर पडले नाही, भिंत अंगावर आली नाही. आजार आला तो धुळीतून.

आजही ही गोष्ट जुनी झालेली नाही. २०२४ साली एकट्या कॅलिफोर्नियात या आजाराचे बारा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. शेजारच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स, टूसॉन या शहरांच्या भागात, घरी राहणाऱ्या लोकांना होणाऱ्या न्यूमोनियापैकी १५ ते ३० टक्के न्यूमोनिया याच बुरशीचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असे असूनही न्यूमोनियाच्या थोड्याच रुग्णांची या बुरशीसाठी तपासणी होते. बाकीच्यांना फ्लू म्हणून, व्हायरल म्हणून किंवा जिवाणूंचा न्यूमोनिया म्हणून औषधे मिळतात. जेथे हा आजार घरोघरी ठाऊक आहे, तेथे ही स्थिती! मग तेथून परतलेला एखादा रुग्ण पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात आला तर त्याच्या तापाचे नाव कोणाला कसे सुचावे? आज आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. सुट्टीवर आलेल्या मुलाचा खोकला हटत नसेल, तर तो कोणत्या राज्यातून आला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे.

धोका सगळ्यांना सारखा नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात २०११ ते २०१४ या काळात सौरऊर्जेची दोन मोठी केंद्रे बांधली जात असताना तेथील ४४ कामगारांना हा आजार झाला. त्या खोऱ्यात बांधलेल्या तुरुंगांतील कैदीही मोठ्या संख्येने आजारी पडले. शेवटी जून २०१३ मध्ये न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की ज्या कैद्यांना धोका अधिक आहे त्यांना त्या दोन तुरुंगांतून हलवा. त्यांत काळ्या आणि फिलिपिनो वंशाचे कैदी होते. २०१९ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला. ज्या अकरा परगण्यांत हा आजार फार आहे, तेथे खोदकाम-बांधकामाच्या मालकाने कामगारांना या तापाची लक्षणे आणि धुळीपासून बचाव कसा करावा हे दरवर्षी शिकविलेच पाहिजे. धूळ कोणाच्या नाकात जाते हे ज्यांना कळले, त्यांनी तो कायदा करून घेतला.

कागद कारखान्यातील न्यूमोनिया

दुसरी हकीकत अलीकडची. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, मोठ्या सरोवराच्या काठी, एस्कनाबा नावाचे गाव आहे. तेथे बिलेरुड कंपनीचा कागद कारखाना आहे. २०२३ च्या सुरुवातीला तेथील काही कामगारांना न्यूमोनिया झाला. ताप, खोकला, थंडी वाजणे, धाप लागणे. हिवाळ्याचे दिवस, करोनाची आठवण ताजी. अशा वेळी कोणाच्याही मनात पहिल्यांदा विषाणूच येईल.

पण फेब्रुवारीच्या अखेरीस तेथील आरोग्य खात्याकडे एक गोष्ट आली : न्यूमोनियाचे हे रुग्ण एकाच कारखान्यात काम करणारे आहेत. मग तपासणीची दिशा बदलली आणि ब्लास्टोमायसीस नावाची बुरशी सापडली. ही बुरशी नदी-तळ्यांच्या काठच्या ओलसर मातीत, कुजणाऱ्या लाकडात आणि पानांत वाढते. श्वासातून आत गेल्यावर तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही लक्षणे दिसू शकतात. इतक्या दिवसांपूर्वी आपण काय काम केले, हे माणसाला आठवतही नाही. शंभराहून अधिक कामगारांना बाधा झाल्याचे आढळले, एका कंत्राटी कामगाराचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये साफसफाईसाठी कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला. या बुरशीची एकाच वेळी इतक्या लोकांना बाधा झाल्याची नोंद अमेरिकेतही पूर्वी नव्हती.

या हकीकतीत आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे : एकेका कामगाराच्या केसपेपरवर नुसते ‘न्यूमोनिया’ असे लिहिले असते आणि त्याचे काम काय हे कोणी विचारलेच नसते, तर ते सगळे वेगवेगळे ‘व्हायरल’ ठरले असते. कामाचे ठिकाण समोर आले आणि रोगाचे नाव सापडले.

फरक ओळखणे अवघड का जाते?

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण येथे अडचण खरी आहे. ती समजून घेतली तर आपण त्यांना मदत करू शकतो.

पहिली अडचण अशी, की लक्षणे सारखीच. ताप, खोकला, अंगदुखी, थकवा, धाप. एक्स-रेमध्ये दिसणारे पांढरे डागही सारखेच. दुसरी अशी, की ‘व्हायरल’ हे निदान पुष्कळदा तपासणी करून केलेले नसतेच. जिवाणूंचा न्यूमोनिया वाटत नाही, टीबी दिसत नाही, म्हणून उरले ते व्हायरल, असा तो हिशेब असतो. तिसरी अडचण तपासणीची. बेडक्याच्या नेहमीच्या तपासणीत बुरशी सुटून जाऊ शकते. तिच्यासाठी वेगळे द्रावण, वेगळा रंग वापरावा लागतो. बेडक्यातून बुरशी वाढवून पाहायची तर कधी कधी काही आठवडे लागतात. रक्तातील तपासणीही आजाराच्या सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते आणि काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. म्हणून ‘एकदा तपासले, काही निघाले नाही’ म्हणजे प्रश्न संपला असे समजू नये.

चौथी अडचण सगळ्यांत मोठी. ज्याचा विचारच डॉक्टरांच्या मनात आला नाही, त्याची तपासणी ते लिहून देणार कशी? गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला दोन-चार मिनिटे येतात. तेवढ्यात ते ताप किती दिवस आहे हे विचारतात. परंतु तुम्ही गोदामात झाडलोट करता की नाल्यातला गाळ काढता, हे विचारायला वेळ उरत नाही. विचारले नाही म्हणून आपण सांगितले नाही, असे होऊ देऊ नये.

आपल्याकडे काय?

वर सांगितलेला खोऱ्यातील ताप आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला नाही. त्यामुळे शेतातली किंवा बांधकामावरची धूळ छातीत गेली की तो ताप येईल, असे कोणी समजू नये. आपल्याकडे खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर पहिली शंका टीबीची. बेडक्याची टीबीसाठी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती टाळून दुसऱ्या कशाच्या मागे लागू नये. पण टीबी निघाला नाही, फ्लू आणि करोना निघाले नाहीत, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा झाला आणि तरीही माणूस सुधारत नाही, अशा वेळी बुरशीचा विचार आपल्याकडेही झाला पाहिजे. तो विशेषकरून पुढील लोकांच्या बाबतीत.

ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला आहे असे लोक. टीबीने फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर ॲस्परजिलस नावाची बुरशी तेथे घर करते. खोकला, वजन घटणे आणि बेडक्यातून रक्त ही तिची लक्षणे. ‘टीबी उलटला’ असे समजून पुन्हा टीबीची औषधे सुरू होतात. परंतु बेडक्यात टीबीचा जंतू सापडत नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्यांना मधुमेह आहे किंवा स्टिरॉइड चालू आहे असे लोक. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून जो म्युकरमायकोसिस पसरला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. महाराष्ट्रात त्याचे फार रुग्ण होते. बहुतेकांच्या नाकावर, डोळ्यांवर तो गेला. पण काहींच्या फुप्फुसातही गेला. तीव्र फ्लू किंवा करोनानंतर ॲस्परजिलसची बाधाही होते. विषाणूचा न्यूमोनिया खरोखर असतो आणि त्याच्या पाठीवर बुरशी बसते. थोडे बरे वाटून माणूस पुन्हा खाली गेला, तर ‘व्हायरलच लांबला’ असे म्हणून थांबू नये.

ज्यांना एचआयव्हीची बाधा आहे आणि ती अजून कळलेली नाही असे लोक. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी बातमी आली. लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाचा क्वचित आढळणारा न्यूमोनिया झाला होता. एड्सची जगाला झालेली ती पहिली ओळख. न्यूमोसिस्टिस हा एकपेशीय प्राणी आहे असे त्या वेळी मानत. ती बुरशी आहे हे १९८८ साली सिद्ध झाले. या न्यूमोनियात कोरडा खोकला येतो, थोडे चालले तरी धाप लागते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि सीटी स्कॅनवर तो करोनासारखाच दिसू शकतो. त्यावर कोट्रायमॉक्साझोल हे जुने, स्वस्त औषध आहे. म्हणजे येथे जीव वाचणे महागड्या औषधावर अडत नाही, वेळेवर नाव कळण्यावर अडते. डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी सुचविली तर अपमान मानू नका. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. २०१७ च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो.

आणखी एक गोष्ट पक्ष्यांची आणि वटवाघळांची. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकस, तर पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा या बुरशी वाढू शकतात. हिस्टोप्लाझ्माचा भारतातील पहिला रुग्ण १९५४ साली बंगालमध्ये नोंदला गेला, आणि आजही पूर्वेकडील व उत्तरेकडील राज्यांत असे रुग्ण जास्त दिसतात. कामानिमित्त तिकडे राहून आला असाल, जुनी बंद इमारत साफ केली असेल, कबुतरांची घाण खरवडली असेल किंवा वटवाघळे असलेल्या बंद, काळोख्या गुहेत खोलवर गेला असाल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरच्यांनी काय करावे?

यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाची एक जुनी वही घ्या. आजारी माणसाच्या नावाने त्यात पुढील गोष्टी लिहा. मुलांनाच लिहायला सांगा. ती व्यवस्थित लिहितात.

१. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, खोकला केव्हापासून, धाप केव्हापासून, वजन किती उतरले.

२. कोणकोणती औषधे, किती दिवस घेतली. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही लिहा. इंजेक्शन कसले दिले, तेही विचारून लिहा.

३. काम काय, आणि गेल्या तीन महिन्यांत कोठे कोठे केले. खोदकाम, पाडकाम, गोदाम, कचरा, कुजलेले लाकूड, पक्ष्यांची घाण. बाहेरच्या राज्यातला किंवा परदेशातला प्रवास. त्याच कामावर आणखी कोणी असेच आजारी आहे का?

४. पूर्वी टीबी झाला होता का, मधुमेह आहे का, स्टिरॉइड घेतले आहे का. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी घेतलेल्या पुड्याही यात येतात.

५. सगळे एक्स-रे आणि केसपेपर एकाच पिशवीत. जुना एक्स-रे टाकून देऊ नका. जुन्या आणि नव्याची तुलना केली म्हणजे डाग वाढला की कमी झाला, हे डॉक्टरांना कळते.

अशी वही हातात घेऊन गेलात आणि तीन आठवडे होऊनही गुण नसेल, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा, “डॉक्टर, हे बुरशीचे असू शकेल का? त्याची तपासणी करायची का?” हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. गरज वाटल्यास ते बेडक्याची बुरशीसाठी तपासणी, रक्ताची किंवा लघवीची तपासणी, सीटी स्कॅन, किंवा नळी घालून फुप्फुस धुऊन घेतलेल्या पाण्याची तपासणी सांगतील. प्रत्येकाला सगळे लागत नाही. तालुक्याला सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविण्याची चिठ्ठी मागा. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

पण धाप लागत असेल, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसत असेल, खोकल्यातून रक्त येत असेल, माणूस भ्रमिष्टासारखे बोलत असेल, किंवा डोके सतत दुखून मान आखडली असेल, तर वही लिहीत बसू नका. त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्या.

स्टिरॉइडबद्दल वेगळे सांगतो. या गोळीने दोन दिवसांत ताप उतरतो, भूक लागते, माणूस उठून बसतो. म्हणून ती गुणकारी वाटते. बुरशीचा आजार असेल तर तीच गोळी शरीराचा पहारा काढून घेते आणि बुरशी पसरते. काही आजारांत डॉक्टर ती विचारपूर्वक देतात; तेव्हा ती मध्येच बंदही करू नये. परंतु शेजाऱ्याला गुण आला म्हणून मेडिकलमधून आणून ती कधीही घेऊ नका.

निदान झाले की धीर सोडू नका. बुरशीवर औषधे आहेत. काहींना गोळ्या पुरतात, काहींना शिरेतून औषध द्यावे लागते. उपचार लांबतो; तीन महिने, सहा महिने, कधी वर्षही. बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडला तर आजार परत येतो. टीबीच्या औषधांची शिस्त ज्या घरांनी पाळली आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

आणि एक. मातीतल्या या बुरशींचा न्यूमोनिया सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. निदान होईपर्यंत, टीबी किंवा फ्लूची शंका आहे तोवर, तोंडाला रुमाल बांधणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे योग्यच. पण बुरशीचे निदान पक्के झाल्यावर त्या माणसाचे ताट वेगळे करू नका, लेकरांना त्याच्यापासून ओढून घेऊ नका. वेगळे बसविल्याचे दुःख काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

धुळीत काम करणाऱ्या बंधू-भगिनींना शेवटची विनंती. धूळ कोणतीही असो, कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा. पक्ष्यांची घाण, कुजलेला कचरा काढताना साधा रुमाल पुरत नाही. घट्ट बसणारा चांगला मास्क मुकादमाकडे मागा. एकाच कामावरचे दोघे-तिघे एकाच वेळी खोकू लागले तर ती गोष्ट आपसात लपवू नका. एकत्र दवाखान्यात जा आणि “आम्ही एकाच ठिकाणी काम करतो” हे एकत्र सांगा. एस्कनाबाच्या कामगारांच्या आजाराचे नाव कळले ते याच माहितीमुळे.

पुढील आठवड्यात आम्ही टीबी बरा झालेल्यांनी फुप्फुसांची काळजी कशी घ्यावी, याविषयी लिहू. तोवर ती वही सुरू करा. पहिल्या पानावर आजाराचे नाव लिहू नका. ती जागा तपासणी होईपर्यंत कोरी ठेवा. कामाचे नाव मात्र लिहा.